आधी कागद सांगा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



शाळेत असताना नवी वही हातात आली की आमचे पहिले काम असे समास आखण्याचे. पट्टी घ्यायची, डावीकडे दोन बोटे जागा सोडायची आणि लाल पेन्सिलीने वरपासून खालपर्यंत रेघ ओढायची. ज्यांच्याकडे पट्टी नसे, ते पान दुमडून घडीचाच समास करत. समास न सोडता कुणी लिहिले की बाई वही तशीच परत करत. ‘अक्षरं शिलाईत गेली, तर मी काय वही उसवून वाचू?’ असे विचारत. तेव्हा ती नुसती कटकट वाटे. पुढे कित्येक वर्षांनी माझ्याच घरात माझ्या हातून एक कागद चुकला आणि बाईंचा तो प्रश्न मला आठवला. आज त्या कागदाविषयीच बोलायचे आहे.

माझी आई ८४ वर्षांची. तिला दिवसभरात नऊ गोळ्या असतात. काही उपाशीपोटी, काही जेवणानंतर. त्यातली एक रक्त पातळ ठेवण्याची. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ती सोमवार ते शुक्रवार एक आणि शनिवार-रविवार अर्धी. हे सगळे डोक्यात ठेवणे कठीण, म्हणून मी संगणकातल्या वहीत त्याचा तक्ता केला होता. अशा वह्या आता पुष्कळांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. त्यात लिहिता येते, फोटो चिकटवता येतात, तक्ता करता येतो आणि तेच पान फोनवरही दिसते. माझ्या तक्त्यात सहा रकाने होते. औषधाचे नाव, ते कशासाठी, सकाळी, दुपारी, रात्री आणि शेवटी शेरा. ओळखायला सोपे जावे म्हणून नावाशेजारी गोळ्यांच्या पाकिटाचा फोटोही चिकटवला होता. तक्ता पाहून माझे मलाच कौतुक वाटे.

एका शुक्रवारी मला नात्यातल्या लग्नासाठी दोन दिवस परगावी जायचे होते. आईजवळ राहायला मावशी आली. मावशी ७६ वर्षांची, फोनवर बोलणे तिला जमते, पण फोनमध्ये तक्ता बघणे तिला नको वाटते. ‘मला बाई कागदावर दे,’ ती म्हणाली. मी स्टेशनवर जाता जाता कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात थांबले, फोनवरून पान पाठवले आणि कागद हातात घेतला. रेघा सरळ, फोटो स्वच्छ. तो कागद एका मुलाच्या हाती घरी धाडला आणि मी गाडी पकडली.

शनिवारी सकाळ-दुपारच्या गोळ्या कागदाप्रमाणे झाल्या. रात्री नऊला मावशीने आईला विचारले, ‘रात्रीचं तुला काहीच नाही वाटतं?’

आई म्हणाली, ‘असतं की! एक छोटी पांढरी आणि ती दुसरी. आज शनिवार ना? मग निम्मीच.’

आता मावशीपुढे पेच पडला. बहीण हल्ली चष्मा कुठे ठेवला ते विसरते, आणि कागद तर संगणकातून आलेला! खरे कुणाचे मानायचे? मावशीने शहाणपणा केला. अंदाजाने काही न देता तिने मला फोन लावला. कार्यालयात वाजंत्री चालू होती, तिसऱ्यांदा वाजल्यावर कुठे मला ऐकू आला. ‘मावशी, कागदात सगळं लिहिलंय गं,’ मी म्हणाले. ती म्हणाली, ‘कागद माझ्या हातातच आहे. तुझ्या कागदात रात्रच नाही.’

मी फोन उघडून तक्ता पाहिला. पडद्यावर रात्र होती, शेराही होता. कागदावर दोन्ही नव्हते. मी एकेक गोळी वाचून दाखवली, मावशीने ती पेनने कागदाच्या पाठीवर उतरवून घेतली, परत मला वाचून दाखवली, आणि मग गोळ्या दिल्या. काही बिघडले नाही. पण आईने ‘शनिवारी निम्मी’ म्हटले नसते तर? किंवा शेऱ्याचा रकाना तेवढा गेला असता आणि ‘रात्री एक’ एवढेच कागदावर राहिले असते तर? त्या रात्री मला झोप लागली नाही.

परत आल्यावर मी दुकानात गेले. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याने सांगितले, ‘ताई, दुसरा कागदही निघाला होता. पण त्यावर डावीकडे दोन अरुंद रकाने आणि बाकी कोरं. ना नाव, ना काही. मला वाटलं चुकून छापला गेला.’ तो कागद रद्दीत गेला होता. त्या कागदावर माझ्या आईची रात्र होती. आणि पहिला कागद नेमका रकान्याच्या रेघेवर तुटला होता, त्यामुळे पाहणाऱ्याला तो पुरा वाटत होता. अर्धे अक्षर कापले गेले असते तर निदान शंका तरी आली असती.

मंडळी, दोष त्या संगणकातल्या वहीचाही नव्हता, म्हणून मी तिचे नाव घेत नाही. दोष माझा होता. मी तिला कागद सांगितलाच नव्हता.

कागद सांगायचा म्हणजे काय, ते जरा पाहू. आपली कागदाची वही चारी बाजूंनी संपते. ओळ संपत आली की हात आपोआप खाली येतो. संगणकातल्या पुष्कळ वह्यांना मात्र कडाच नसतात. वननोट या वहीचे उदाहरण घेऊ, कारण ती अनेकांच्या संगणकात आधीपासूनच असते. २००३ साली ती बाजारात आली. तिच्या पानावर कुठेही टिचकी मारून लिहायला लागावे, आणि पान उजवीकडे व खाली हवे तेवढे वाढत जावे, ही तिची मूळ कल्पना. भिंतीवर फळा असावा आणि लिहू तसा फळा रुंदावत जावा, तसे. विचार करताना ही फार सोयीची गोष्ट आहे. पण छापायची वेळ आली की या न संपणाऱ्या फळ्याचे तुकडे करून ते कागदावर बसवावे लागतात. तुकडे कुठे करायचे, हे आपण सांगितले नसेल तर यंत्र आपल्या हिशेबाने करते. यंत्राला रात्रीची गोळी म्हणजे काय ते कळत नाही.

वह्यांचा दुसराही एक प्रकार आहे. गुडनोट्ससारख्या, पेनाने पडद्यावर लिहिण्याच्या वहीत नवी वही उघडतानाच पानाचा आकार आणि आखणी निवडायची असते. तिथे पान खऱ्या पानासारखे संपते. अशी वही छापताना सहसा फसगत होत नाही, मात्र सुरुवातीला निवडलेला आकार आपल्या कागदाशी जुळला पाहिजे. म्हणजे दोन्हीकडे प्रश्न एकच. कागद कोणता?

इथे थोडे कागदाच्या मापांविषयी सांगते, कारण निम्मा घोटाळा तिथे आहे. आपल्याकडे दुकानात जो कागद मिळतो तो ‘ए-फोर’. रुंदी २१० मिलिमीटर, उंची २९७. हे आकडे इतके विचित्र का, असा प्रश्न मला नेहमी पडे. त्याचे उत्तर गमतीचे आहे. १७८६ साली गेओर्ग लिश्टेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने आपल्या एका स्नेह्याला पत्र लिहिले. कागद मधोमध दुमडला तरी त्याच्या लांबी-रुंदीचे प्रमाण बदलू नये, असा आकार कोणता, याचा विचार त्यात होता. तसा आकार एकच आहे. रुंदी १ असेल तर लांबी २ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.४१४. पुढे वाल्टर पोर्स्टमान यांनी याच प्रमाणावर मापांची मालिका बांधली आणि १९२२ साली जर्मनीने ती प्रमाण मानली. १९७५ साली ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. ‘ए-झीरो’ हा सर्वांत मोठा कागद बरोबर एक चौरस मीटरचा. तो चार वेळा दुमडला की ए-फोर. म्हणजे ए-फोर हा चौरस मीटरचा सोळावा भाग. दुकानदार ‘८० जीएसएम’ म्हणतो तेव्हा एका चौरस मीटरचे वजन ८० ग्रॅम, म्हणून ए-फोरच्या एका पानाचे ५ ग्रॅम, आणि ५०० पानांच्या रिमाचे अडीच किलो. रीम उचलून आणणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको!

याचा व्यवहारात उपयोग असा की ए-फोर पान ७१ टक्क्यांवर आणले की ते ए-फाइव्हवर, म्हणजे निम्म्या कागदावर तंतोतंत बसते. ना कडेला जागा उरते, ना काही कापले जाते. झेरॉक्सवाल्यांना हा ७१ चा आकडा पाठ असतो.

पण सगळे जग ए-फोर वापरत नाही. अमेरिका आणि कॅनडात ‘लेटर’ आकाराचा कागद चालतो. रुंदी साडेआठ इंच, उंची ११ इंच. हा कागद ए-फोरपेक्षा रुंदीला सुमारे ६ मिलिमीटरने जास्त आणि उंचीला जवळजवळ १८ मिलिमीटरने कमी. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून फसवणूक जास्त. तिकडच्या मुलाने किंवा लेकीने पाठवलेले पान इथे छापताना कडेची अक्षरे जातात किंवा यंत्र दिवा लुकलुकवत ‘लेटर कागद घाला’ म्हणून अडून बसते, त्याचे कारण हे. आपल्याच संगणकात देश म्हणून अमेरिका निवडलेली राहिली असेल, तरी हाच अनुभव येतो.

आणि आपले जुने ओळखीचे फुलस्केप? तो इंग्रजी अमलातला आकार. त्या कागदात पूर्वी विदूषकाच्या घुंगुरवाल्या टोपीचे पाणचिन्ह असे, म्हणून ‘फूल्स कॅप’. टोपी गेली, नाव राहिले. कोर्टकचेऱ्यांत लांबलचक ‘लीगल’ कागदाचा प्रघात होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ए-फोर कागद आणि दोन्ही बाजूंनी छपाई असा बदल स्वीकारला. देशातल्या सर्वोच्च न्यायालयालासुद्धा कागद कोणता हे लिहून सांगावे लागते, तर आपल्या वहीला का सांगू नये?

आता प्रत्यक्ष काय करायचे. पुन्हा वननोटचेच उदाहरण घेते. विंडोज संगणकावरच्या तिच्या पूर्ण आवृत्तीत वर ‘व्ह्यू’ असे लिहिलेले असते. त्यात ‘पेपर साइज’ आहे. ते दाबले की बाजूला एक पट्टी उघडते. तिथे आकारापुढे ‘ऑटो’ लिहिलेले दिसेल. ऑटो म्हणजे न संपणारा फळा. ते बदलून ए-फोर करायचे. खाली उभे पान की आडवे, ते निवडायचे. त्याच्याही खाली चारी बाजूंचे समास. होय, तोच आपला शाळेतला समास! घरगुती छपाईयंत्रे साध्या छपाईत सहसा कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत, काही मिलिमीटर जागा सोडतात. म्हणून १५ मिलिमीटर समास ठेवावा. कागद फायलीत लावायचा असेल तर डावीकडे २५ ठेवावा, नाहीतर भोक नेमके अक्षरावर पडते.

यात तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, हे माप त्या एका पानापुरते असते. शेजारच्या पानाला ते आपोआप लागू होत नाही. वारंवार छापायचे असेल तर असे एक कोरे पान नमुना म्हणून साठवून ठेवता येते आणि नवीन पान त्या नमुन्याचेच उघडावे असेही सांगता येते. दुसरी, माप लिहिण्याआधी सांगा. आधीच लिहून झाले असेल तर माप बदलल्याने मजकूर आपणहून आत सरकत नाही. पानाची कड दिसू लागते आणि आपला तक्ता तिच्याबाहेर लोंबताना दिसतो. हाताने लिहिलेली अक्षरे असतील तर ती ओळ मोडून खाली येत नाहीत, कारण यंत्राच्या लेखी ते चित्र असते. तिसरी, ही सोय फोनवर शोधत बसू नका. छापायचे पान मोठ्या संगणकावरच नीट करून घ्यावे.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? छापताना ‘कागदाच्या रुंदीत बसव’ अशी खूण करायची सोय असतेच की. असते, आणि ती उपयोगी आहे. मीसुद्धा दुसऱ्या दिवशी तेच केले. सहा रकाने, फोटोसकट, एका उभ्या कागदावर बसले. पण यंत्राने ते बसवले कसे, तर सगळे लहान करून. १२ पॉइंटचे अक्षर ६० टक्क्यांवर आले की सात पॉइंटचे होते. इंग्रजी अक्षर त्या मापात कसेबसे वाचता येते. आपल्या देवनागरीला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय. हे सगळे त्या एवढ्याशा जागेत कोंबले जाते. माझ्या कागदावर ‘अर्धी’ या शब्दाचा रफार उडाला आणि तिथे ‘अधी’ उरले. एका ठिकाणी मी ०.५ लिहिले होते, त्यातला टिंब दिसेना. टिंब गेला तर अर्ध्याचे पाच होतात. तेव्हापासून औषधाच्या कागदावर मी मात्रा आकड्यात लिहीत नाही. ‘अर्धी’, ‘एक’, ‘दीड’ असे अक्षरांतच लिहिते, आणि वाचणाऱ्याचे वय पाहून १४ पॉइंटच्या खाली जात नाही.

मग कागदात बसवायचे कसे? साधा हिशेब करायचा. ए-फोर उभे धरले तर २१० मिलिमीटर. दोन्हीकडे १५-१५ समास गेला, उरले १८०. सहा रकान्यांना प्रत्येकी ३०. तीस मिलिमीटरमध्ये ठळक अक्षरांत औषधाचे नाव बसत नाही, आणि फोटो तर नाहीच. म्हणजे एक तर कागद आडवा धरा, २९७ ची रुंदी मिळेल. नाहीतर रकाने कमी करा. मी रकाने कमी केले. ‘कशासाठी’ हा रकाना मावशीला नको होता, तो माझ्या कौतुकाचा होता. तो काढला. शेरा वेगळा न ठेवता गोळीच्या नावाखालीच लिहिला, म्हणजे गोळी आणि तिची अट यांची ताटातूट होणार नाही. फोटो लहान केले. कागदाला जागा मोजूनच असते, त्यामुळे आवश्यक काय आणि हौसेचे काय, हे ठरवावेच लागते.

यानंतर ‘प्रिंट प्रिव्ह्यू’, म्हणजे छापण्याआधी पडद्यावर कागद पाहणे. ही पायरी आपण घाईत गाळतो. तिथे पाहायचे ते एवढेच की एकूण पाने किती? आपल्या अपेक्षेपेक्षा एक जरी जास्त असेल तर उजवीकडून किंवा खालून काहीतरी सांडले आहे असे समजावे. आणि पानाच्या तळाशी क्रमांक छापायची सोय असेल तर ती चालू ठेवावी. मी तर मजकुरातच वर ‘२ पैकी पान १’ असे हाताने लिहिते. त्या शुक्रवारी एवढे शब्द माझ्या कागदावर असते, तर दुकानदाराने दुसरा कागद रद्दीत टाकला नसता, आणि टाकला असता तरी मावशीने पहिल्या मिनिटाला विचारले असते, ‘दुसरं पान कुठे आहे?’

बाहेरच्या दुकानात छापायचे असेल तर वहीतले पान तसेच धाडू नका. आधी त्याचे पीडीएफ करा. १९९३ साली आलेल्या या प्रकाराचा हेतूच हा होता, की पान एका संगणकावर जसे दिसते तसेच दुसऱ्या संगणकावर आणि छापताना दिसावे. पीडीएफ करताना पाने ठरून जातात. ते आपल्याच फोनवर उघडून पाहता येते, मोजता येते. दुकानदाराला फक्त दोन गोष्टी सांगायच्या. कागद ए-फोर, आणि आकार जसा आहे तसा, लहान-मोठा करू नका.

श्रोतेहो, यातले काहीच अवघड नाही. एकदा बसून केले तर दहा मिनिटांचे काम. पण हल्ली आपण इतके पडद्यावर लिहितो, की जे पडद्यावर दिसते ते कागदावर येईलच असे धरून चालतो. आणि छापतो तरी कधी? जेव्हा तो कागद पडदा न वापरणाऱ्या माणसाच्या हाती द्यायचा असतो तेव्हाच. औषधांचा तक्ता मावशीसाठी, प्रवासाचा बेत वडीलधाऱ्यांसाठी, अर्ज कचेरीसाठी, पाककृती स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंसाठी. चूक झाली तर मूळ पान उघडून पाहण्याची सोय त्यांच्याकडे नसते. त्यांच्यापुढे फक्त तो कागद असतो आणि त्यावर त्यांचा विश्वास असतो.

आमच्या घरात आता आईच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. ए-फोर, उभा, चार रकाने. वर तारीख, कारण औषधे बदलली की जुना कागद काढून टाकायचा असतो. आणि ‘१ पैकी पान १’. परवा मावशी आली होती. तिने चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, ‘आता रात्र आहे हो यात.’ आई पलंगावरून म्हणाली, ‘मला विसरभोळी म्हणता. त्या दिवशी विसरला होता तो कागद, मी नव्हे.’

तिचे म्हणणे खरे होते. तेव्हा पुढच्या वेळी संगणकातल्या वहीत काही लिहायला बसाल आणि ते कुणाच्या हाती कागदावर द्यायचे असेल, तर पहिल्या अक्षराच्या आधी पट्टी घ्या, समास आखा. म्हणजेच, आधी कागद सांगा.